आरशातली लाल टोपी

व्हर्ना बोलायला लागली की थांबत नाही, असं यंदा सगळेच म्हणायला लागले होते. कॅनडातल्या कॅमरोजहून निघाल्यापासून ती नवऱ्याच्या, ओरेस्टच्या, शेजारच्या सीटवर बसून एकसारखी बोलत होती. "पुढे सिग्नल आहे. लाल. अजून लालच. हं, झाला हिरवा, चल. उजवीकडून ट्रक घुसतोय, घुसू दे मेल्याला. पाटी आली, कॅल्गरी सरळ." ओरेस्ट नुसती मान डोलवायचा आणि गाडी हाकायचा.

मागे टेबलाशी डेल आणि त्याची बायको अर्लीन पत्ते कुटत बसलेले. चाळीस उन्हाळे या चौघांनी एकत्र काढले होते. आधी तंबूत, मग ट्रेलरमध्ये, आणि ओरेस्टने हे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतल्यापासून यात. डेल म्हणजे ओरेस्टचा जिवाचा दोस्त. दोघांनी तरुणपणी गव्हाचे ट्रक हाकले, एकमेकांच्या लग्नात यथेच्छ पिऊन धिंगाणा घातला. डेलच्या डोक्यावर बारा महिने तेरा काळ एक लाल टोपी. मुलीच्या लग्नातसुद्धा त्याने ती काढली नव्हती, त्यावरून अर्लीन आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

"ओरेस्ट," डेल मागून ओरडला, "तुझ्या जागी मी असतो ना, तर हिला मघाच्याच पंपावर उतरवून दिली असती. स्टिअरिंग तुझ्या हातात आणि गाडी हिच्या तोंडात!"

"तुला काय करायचंय रे? तू तुझे पत्ते बघ, हरतोयस," व्हर्ना म्हणाली आणि पुन्हा रस्त्याकडे वळली. "वेग कमी कर. पुढे काम चाललंय."

"बाई गं, त्या गरिबाला जरा श्वास घेऊ दे," अर्लीन म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

लोकांना काय जातंय बोलायला? व्हर्ना का बोलत होती ते तिचं तिला आणि ओरेस्टला ठाऊक.

मार्चमध्ये एडमंटनच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ओरेस्टला स्पष्ट सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसेल, पण ज्याच्याकडे सरळ बघाल ते दिसणार नाही. गाडी आजपासून बंद. ओरेस्टने बाईंचे आभार मानले, कोट घातला, बाहेर आला आणि पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडला. व्हर्नाने त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

"हा एक उन्हाळा," तो म्हणाला. "हा एक उन्हाळा मला चालवू दे. मग विकून टाकू. पण डेलला कळता कामा नये. बाबा आंधळे झाले तेव्हा लोक त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. डेलसुद्धा तसाच बोलायचा. मला ते नको, व्हर्ना. शब्द दे."

आणि तिने दिला. त्या घटकेला त्याने आभाळ मागितलं असतं तरी तिने हो म्हटलं असतं.

हायवेवर निभायचं. तिथे रस्ता सरळ, दोन्ही कडांच्या पांढऱ्या रेघा ओरेस्टला नजरेच्या कोपऱ्यातून दिसत आणि हातांना चाळीस वर्षांची सवय. पण यंदा अर्लीनने हट्ट धरला होता. झाडं आणि डास बघून कंटाळा आला, या वर्षी शहरं करू या. कॅल्गरी, कॅमलूप्स, केलोना आणि शेवटी व्हँकुव्हर. नाही म्हणायला व्हर्नाकडे कारण नव्हतं. खरं कारण होतं ते तर सांगता येत नव्हतं. म्हणून ती बोलत राहिली. शहर आलं की तिचा ब्लाउज पाठीला चिकटायचा. मुक्कामावर पोचलं की न्हाणीघरात दार लावून ती तोंडावर पाण्याचे हबके मारत राहायची.

गाडी मागे घ्यायची तीही तिच्या पद्धतीने. मोटरहोमवाल्यांची रीत अशी की एकाने मागे उभं राहून हातांनी खुणा करायच्या, आणि चालवणाऱ्याने आरशात त्याच्याकडे बघायचं. मागचा माणूस आरशातून नाहीसा झाला की तिथल्या तिथे ब्रेक, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. व्हर्ना मात्र मागे जायचीच नाही. ओरेस्टच्या खिडकीखाली, गाडीबरोबर उलटी चालत राहायची आणि बोलायची. "ये. ये. थोडी डावीकडे. खांब आहे, हां, सुटला. थांब." मुक्कामाच्या कॅम्पमधली माणसं खुर्च्यांवर बसून फिदीफिदी हसायची. हसू दे, म्हणायची ती मनात.

कॅमलूप्सला पोचले तर सगळं गाव वणव्याच्या धुरात. सूर्य म्हणजे नुसता तांबडा ठिपका, घसा खवखवतोय, पलीकडचा डोंगर गायब. ओरेस्ट मात्र खुशीत. "आता सगळेच माझ्यासारखे," तो व्हर्नाच्या कानाशी पुटपुटला, आणि तिलाही क्षणभर हसू आलं.

ते हसू पुढच्या चौकापर्यंतही टिकलं नाही. व्हर्नाने पाण्याची बाटली उचलायला मान खाली घातली, एवढंच. वर बघते तो रस्त्यात एक बाई, हातात बाबागाडी, आणि गाडी तिच्या अंगावर चाललेली. व्हर्ना अशी किंचाळली की ओरेस्टने दोन्ही पाय ब्रेकवर दिले. मागे कपाटं उघडली, ताटल्या फुटल्या, अर्लीनच्या मांडीवर कॉफी सांडली. रस्त्यातली बाई बॉनेटवर मूठ आपटून शिव्या घालत निघून गेली.

"अरे, दिसली नाही का तुला?" डेल पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"धूर आहे मेला," ओरेस्ट म्हणाला.

"धूर आहे, पण एवढा नाहीये." डेलने स्टिअरिंगकडे हात केला. "दे, थोडा वेळ मी घेतो. दमलायस तू."

"माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नको." ओरेस्टने गिअर टाकला. डेल व्हर्नाकडे बघत राहिला. व्हर्नाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि हे तिला तिथेच, त्याच मिनिटाला कळत होतं.

दुपारी नदीकाठी बाकी दोघं पाय बुडवून बसले, तेव्हा ती ओरेस्टला म्हणाली, "बास झालं. डेलला चालवू दे. कंबर दुखते म्हण, काहीही म्हण."

"आता राहिलंय काय? केलोना आणि व्हँकुव्हर. समुद्र बघू आणि परत."

"ते मूल मेलं असतं, ओरेस्ट."

"नाही ना मेलं? तू होतीस ना?" त्याने तिचा हात चाचपडून धरला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, म्हणजे तिच्या कानाच्या जरा बाहेर बघत होता. ती त्याला तशीच दिसायची. "तू आहेस तोवर काही होत नाही. शब्द दिलायस तू."

आता बोला! अशा माणसाला काय म्हणणार?

केलोनाला पीचेस खाल्ले. डेलने तिथे थट्टा जवळजवळ बंद केली होती. दोनदा तो व्हर्नाच्या शेजारी येऊन उभा राहिला, "ओरेस्टचं सगळं ठीक आहे ना गं?" म्हणून विचारलं, आणि दोन्हीदा तिने "त्याला काय धाड भरलीय?" म्हणून उडवून लावलं. डेल बापडा टोपी मागे सरकवून निघून गेला.

व्हँकुव्हरच्या अलीकडे रात्रभर पाऊस पडला होता. सकाळी हवा धुऊन निघाली, धुराचं नावनिशाण नाही, दूरच्या डोंगरावरचं एकेक झाड मोजून घ्यावं असं लख्ख ऊन. शहरातून सगळी वाट व्हर्ना बोलत होती. आवाज पार बसला होता. पूल, गर्दी, सायकलवाले, एकामागून एक सिग्नल. नदीकाठच्या कॅम्पमध्ये गाडी शिरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोचलो बाई एकदाचे. आता फक्त जागेवर गाडी मागे घ्यायची, की झालं.

ती दार उघडून ओरेस्टच्या खिडकीखाली जायला उतरली. तेवढ्यात अर्लीनने तिचा दंड धरला.

"नाही. आज नाही. आज तू गप्प बसायचंस. किती दिवस बघतेय मी, त्या माणसाला तू लहान पोरासारखं वागवतेस. लोक हसतात त्याला, कळतंय का तुला? डेल जाईल मागे. तू चल माझ्याबरोबर, समुद्राकडची हवा खाऊ."

"थांब, फक्त गाडी लागू दे," व्हर्ना म्हणाली. "मी येते."

"झालं हिचं सुरू! ओरेस्ट, सांग हिला."

ओरेस्टने खिडकीतून कोपर बाहेर काढलं. शेजारच्या जागेवरची चार माणसं हातात बिअर घेऊन बघत होती. "जा गं, जा," तो मोठ्याने म्हणाला. "डेल आहे ना. गाडी मागे घेता येते मला."

डेल मागे पोचलाही होता. लाल टोपी, दोन्ही हात वर. व्हर्नाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा ओरेस्टकडे. 'त्याला दिसत नाही.' तीन शब्द होते. ते तिच्या जिभेवर आले आणि त्या बिअरवाल्यांच्या तोंडाकडे बघून तिने गिळले. अर्लीनबरोबर ती चालायला लागली. मागे इंजिनाचा आवाज वाढला. ती कान देऊन ऐकत होती, अर्लीन काय बोलतेय याकडे तिचं लक्षच नव्हतं.

डेल जुन्या पद्धतीचा ट्रकवाला. तोंडाने एक अक्षर काढायचा नाही, सगळं हातांनी. ये, ये, ये, आणि मग दोन्ही हातांची फुली, म्हणजे थांब. त्याने फुली केली असणार. त्याच्या मागे सिमेंटचं टेबल होतं. ओरेस्ट थांबणारच, म्हणून तो हलला नसणार. चाळीस वर्षांत ओरेस्ट थांबला नाही असं झालंच नव्हतं.

आधी बिअरवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले.

व्हर्ना धावली. अर्लीन तिच्या पुढे धावली. काय बघितलं ते सांगण्यासारखं नाही. गाडी पुढे घेतली ती शेजारच्या माणसाने, ओरेस्टला बाजूला सारून. डेल टेबलाला टेकून खाली घसरला आणि अर्लीनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अँब्युलन्स लवकर आली, पण तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डेलवर पांढरी चादर घातली गेली.

ओरेस्टला कुणीतरी घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. तो एकसारखा विचारत होता, "लागलंय का त्याला? जास्त लागलंय का?" व्हर्ना त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. सांगायच्या ऐवजी ती त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत बसली.

"मला टोपी दिसत होती, व्हर्ना," तो हळूच म्हणाला. "आईशप्पथ. बाजूला, कडेला उभा होता तो. शेवटपर्यंत दिसत होती मला लाल टोपी."

व्हर्नाने वळून बघितलं. शेजारच्या जागेवर, देवदाराला टेकवून कुणीतरी लाल होडी उभी करून ठेवली होती. छोटीशीच, पोरांची. ऊन पडून चमकत होती.

एक तरुण पोलीसबाई आली आणि खाली वाकून तिने आदराने विचारलं, "साहेब, मागे उभे असलेले गृहस्थ तुम्हाला आरशात दिसत होते का?"

"दिसत होते," ओरेस्ट म्हणाला. "चांगले दिसत होते."

पोलीसबाईने व्हर्नाकडे बघितलं. ऊन लख्ख होतं. धुराचं नाव घ्यायची सोय नव्हती. व्हर्ना म्हणाली, "त्यांना जरा सावरू दे," आणि पोलीसबाई बिचारी बाजूला झाली.

तेवढ्यात अर्लीन चालत आली. तिच्या हातात धरायला काहीतरी हवं म्हणून की काय, कुणीतरी तिला डेलची टोपी उचलून दिली होती, आणि तिने ती डोक्यावर घातली होती. तिच्या पांढऱ्या केसांवर ती मोठी होत होती. ती ओरेस्टसमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती, त्याच्या तोंडात मारली असती तरी चाललं असतं, असं व्हर्नाला वाटलं.

ओरेस्टने मान वर केली, जरा तिरकी केली, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"डेल!" तो खुर्चीतून उठायला लागला. "अरे गाढवा, जीव घेतलास की माझा! बरा आहेस ना तू?"

अर्लीन जागच्या जागी गोठली. मग तिने हळूहळू मान वळवली आणि व्हर्नाकडे बघितलं.

"कधीपासून?"

"मार्चपासून," व्हर्ना म्हणाली.

"डेल?" ओरेस्टने हात पुढे केला. तो हात अर्लीनच्या खांद्याच्या बाजूने हवेत गेला. "व्हर्ना, बोलत का नाही हा? समोर कोण आहे?"

सगळ्या वाटभर सांगत आली होती तसंच तिने सांगितलं, बसलेल्या आवाजात, एकेक करून. "समोर अर्लीन आहे. टोपी डेलची आहे. डेल मागे टेबलापाशी आहे, त्याच्यावर चादर घातलीय."

ओरेस्टचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला. तो कुणीच धरला नाही.