मालुबाईंचं इंग्रजी

नेमगोंडा मास्तर बेळगावातल्या एका हायस्कुलात अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण इंग्रजी जन्मापासून बोलणारं माणूस त्यांनी कधी जवळून ऐकलं नव्हतं. निपाणीजवळच्या खेड्यात त्यांच्या घरी कानडी चालायची, शाळेत मराठी. इंग्रजी आलं ते पुस्तकातून, आणि त्यांच्या मास्तरांनाही ते पुस्तकातूनच आलेलं. व्याकरण असं पक्कं की कुठलंही वाक्य द्या, मास्तर त्याचा सांधा न् सांधा फळ्यावर सुटा करून दाखवत. मुलं पासही होत. पण बोला म्हटलं की मुलं खाली बघायची, आणि खरं तर मास्तरही.

१९४६ च्या जानेवारीत, मधल्या सुट्टीत, हिंडलग्याच्या मालुबाई शाळेत आल्या. पन्नाशीची बाई, ताठ चालणारी. कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर त्या बारा वर्षं आया होत्या. साहेबाचं कुटुंब, मालुबाईंनी वाढवलेल्या बेबीसकट, आता विलायतेला परत गेलं होतं.

"माझ्या बेबीचं पत्र आलंय, मास्तर," त्या म्हणाल्या. "मला अक्षर येत न्हाय. तेवढं वाचून दावा."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द खणखणीत वाचायला सुरुवात केली. मालुबाई पुढं झुकून ऐकत होत्या. चार ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"मास्तर, ही कुठली भाषा वाचालाय?"

"इंग्रजीच की."

"व्हय? बेबीसंगं बारा वर्सं इंग्रजीच बोलणं हुतं माझं. पर ह्यातलं मला कायबी कळंना."

मास्तरांची कानशिलं तापली. त्यांनी पुढची ओळ सावकाश वाचली. "डू यू रिमेंबर द कप-बोर्ड?"

"कसला बोर्ड?"

"कप-बोर्ड. म्हणजे कपाट."

"अगं बाई, कबड!" मालुबाईंचा चेहरा उजळला. "डू यू रिमेंबर द कबड! असं म्हणत्यात, मास्तर."

ते वाक्य त्यांच्या तोंडून एका श्वासात आलं. मध्ये कुठं शब्द तुटले नाहीत. शेवटाला आवाज हलकेच वर गेला आणि थांबला. मास्तर बघतच राहिले. अकरा वर्षं हा शब्द त्यांनी शेकडो मुलांकडून घोकून घेतला होता, आणि आज तो त्यांना पहिल्यांदा ऐकू आला होता.

"त्या कपाटाचं काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगतो की," मालुबाई म्हणाल्या. "इंग्रजीत सांगू का मराठीत?"

मास्तर उठले. "इंग्रजीत. पण इथं नको. वर्गात चला."

सुट्टी संपताच चाळीस मुलांसमोर मालुबाई पदर सावरून उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत सांगू लागल्या. कामावर लागून महिनाच झाला होता तेव्हा. बेबी चार वर्षांची, नुकती बोटीतून आलेली. तिला मराठी येत नव्हतं आणि मालुबाईंना इंग्रजी. लपंडाव खेळताना बेबी कपाटात दडली. मालुबाईंनी दार उघडलं तर आत बेबी हसत बसलेली आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवरून नाग खाली उतरतोय.

ओरडलं तर पोर उडी मारणार. मराठीत सांगितलं तर तिला कळणार नाही. तेवढ्यात मालुबाईंना मडमेचं बोलणं आठवलं. पोरीचे केस विंचरताना मडम रोज काहीतरी म्हणायची. अर्थ ठाऊक नव्हता. फक्त ते ऐकलं की पोर गप्प बसायची, एवढं ठाऊक होतं.

"सो आय से," मालुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, दुसऱ्याच बाईचा झाला. "कीप स्टिल, डार्लिंग. कीप स्टिल."

बेबी हलली नाही. नाग तिच्या फ्रॉकवरून सरपटत उतरला आणि मोरीतून निघून गेला.

अर्धे शब्द मुलांना आले नव्हते, तरी नाग सगळ्यांना दिसला होता. मालुबाईंच्या बोलण्यात क्रियापदाच्या चुका होत्या. एरवी मास्तरांनी लाल शाईनं खोडल्या असत्या त्या. आज त्या त्यांच्या ध्यानातही आल्या नाहीत. खडू हातात तसाच होता. तोंडातून वाक्य कधी निघालं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"वेअर यू नॉट अफ्रेड?"

मुलांनी माना वळवल्या. धड्यातलं सोडून मास्तर इंग्रजीत काही विचारतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आय वॉज, मास्टर," मालुबाई म्हणाल्या. "आय स्टिल ॲम."

मास्तरांना ते कळलं. मनात उलटंपालटं न करता, मराठीत न आणता, सरळ कळलं.

हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी कुरकुर केली. आयाबाई आता हायस्कुलात शिकवणार का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, "शनिवारी मालुबाई परत येणार आहेत. तुम्ही वर्गात येऊन बसा आणि मग सांगा." हेडमास्तर आले, मागच्या बाकावर बसले आणि घंटा झाल्यावरही उठले नाहीत.

बेबीच्या पत्राला उत्तर गेलं ते मार्चमध्ये. मालुबाई इंग्रजीत बोलत होत्या आणि मास्तर लिहीत होते. शेवटची ओळ होती, "यस, बेबी, आय रिमेंबर द कबड." कागद भरला, पाकीट चिकटवलं, तरी मास्तर उठेनात.

"आणि काय राह्यलं?" मालुबाईंनी विचारलं.

"लिहायचं काही नाही," मास्तर म्हणाले. "ते शेवटचं वाक्य तेवढं परत एकदा म्हणा."