दाजींची शपथ

बोलता बोलता ओबेडने आकाशाकडे पाहिलं, बंदूक कुंपणाला टेकवली आणि तो वाळवणाच्या मांडवांकडे धावला.

"पाऊस, दाजी! उचला!"

त्याचे खलाशीही धावले. वाळत घातलेला कॉड मासा भिजताना बघवत नाही. माणूस मॅसॅच्युसेट्सचा बंडखोर असो की नोव्हा स्कोशियातली इंग्लंडच्या राजाची प्रजा. एलिएझर, त्याची बायको मेहिटाबेल आणि तिच्या भावाची हत्यारबंद टोळी, सगळ्यांनी मिळून मासे गोळा केले, ढीग रचले, वर झाडाच्या साली अंथरल्या. मग सगळे घरात मक्याची लापशी खायला बसले.

"ताई, काकवी अजून हात आखडूनच वाढतेस."

"जहाजं तुम्ही लुटायची, आणि काकवी काय आभाळातून पडणार?"

ओबेड हसला. "दाजी, तुम्ही मूळचे आमच्याच गावचे. आमच्या बाजूने उभं राहायला काय होतं?"

"हॅलिफॅक्सला राजाच्या तोफा आहेत. तुमची फौज कुठाय?"

"मग राजाच्या पथकात नाव घाला!"

"त्याचा अधिकारी आज प्रार्थनाघरात बंडखोरांशी लढायची शपथ देतोय. मी नाही गेलो. तुझ्यावर बंदूक रोखायची नाही मला."

राजा लांब, बंडखोरांची काँग्रेसही लांब. जवळ होते ते मासे आणि मेव्हणा.

पाऊस थांबला. ओबेडने वाडगं चाटूनपुसून साफ केलं, ताईच्या गालाला गाल लावला आणि बाहेर जाऊन खलाशांना खूण केली. ते कोरडे ढीग होडीत भरू लागले.

"ओबेड, आमचा हिवाळा आहे तो," मेहिटाबेल म्हणाली.

"जहाजावर चाळीस तोंडं आहेत, ताई. आणि तुम्ही आमच्यातले नाही म्हणता ना? मग कुणाचं घेतोय मी?"

उरलेल्या खलाशांच्या हातांत आता बंदुका होत्या. एलिएझर जागचा हलला नाही.

होडी दूर गेल्यावर ओबेडने हात हलवला. सवयीने मेहिटाबेलचाही हात वर गेला. अर्ध्यावरून तिने तो केस सावरायला वळवला.

"बघू काहीतरी," एलिएझर म्हणाला. "काही झालं तरी तुझा भाऊ आहे."

मेहिटाबेल आत जाऊन त्याचा रविवारचा कोट घेऊन आली.

"तो अधिकारी उजेड आहे तोवर बसेल."

"शपथेत काय म्हणायचं असतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरच्या कोटाची बटणं लावू लागली. मधलं एक चुकलं. ते सोडून तिने पुन्हा नीट लावलं.