बिनहुकाचा पत्रा

मी पत्रा बोलतोय, हरमलच्या सगुणाच्या शॅकवरचा. रागीट आहे, आधीच सांगून ठेवतो.

गोवा राज्य झालं त्या साली मी डिचोलीकडच्या एका खाणीच्या शेडवर चढलो. तिथे मला हुक होते, हुकांना रबरी वायसर होते. वारा आला की नुसता कुरकुरायचो, जागचा हलत नव्हतो. काही वर्षांनी शेड मोडली आणि सगुणाने मला टेम्पोत घालून समुद्रावर आणलं.

शॅक म्हणजे किनाऱ्यावरचं हंगामी खानावळीचं छप्पर, आयुष्य ऑक्टोबर ते मे. पावसाआधी सगळं सोडवून घरामागे रचायचं, म्हणून मला पक्कं बसवायला सगुण तयारच नव्हता. त्याचा सुतार, मेस्त भिकाजी, म्हणाला, "सगुणबाब, चार हुक तरी मारूया."

"मे म्हयन्यात परत काढूकच जाय मरे! वयर चिरे दवर, पुरो."

झालं! माझ्या छातीवर जांभ्याचे दोन चिरे. तापलेला चिरा आठ महिने उरावर घेऊन बघा एकदा. शिवाय जुन्या हुकांच्या भोकांतून गळलो की शिव्या मलाच. सगुणाची बायको शेवंती दर वर्षी म्हणायची, "हुक घालून घेवा हो." तो हसायचा. मी मनाशी गाठ बांधली, सगुणा, एक दिवस तुझीच मान.

तो दिवस मेच्या शेवटी आला. दोन परदेशी पाहुणे उरले होते म्हणून शॅक काढायची राहिली होती. भर दुपारी ढग काळे झाले आणि त्यांतून वावटळीची एक सोंड समुद्रात उतरली. लोक किनाऱ्यावर बोटं दाखवत उभे! माणसाला जिवापेक्षा गंमत प्यारी.

शेवंती मोरजीच्या रापणकाराची लेक. जाळं ओढता ओढता बापाने तिला शिकवलं होतं, की सोंड डावी-उजवीकडे सरकताना दिसली तर ती दुसरीकडे चालली आहे. पण एकाच जागी दिसून जाड होत गेली, तर ती आपल्याकडेच येतेय. ही जाड होत होती. शेवंतीने पाहुण्यांना आणि सासूला मागच्या चिरेबंदी घरात नेलं, बिनखिडकीच्या मधल्या खोलीत भिंतीशी खाली बसवलं आणि डोक्यांवर गाद्या दिल्या.

आणि सगुण? तो शिडी लावून वर चढला आणि पत्रे उडू नयेत म्हणून माझ्यावर पालथा पडला! जणू वाऱ्याला ह्याचं वजन पेलणार नव्हतं.

"देंवा सकयल! पत्रे गेले तर गेले!" खाली उतरा म्हणून शेवंती दारातून ओरडली.

मला तर हेच हवं होतं. वाऱ्याने खालून हात घातला, चिरे घरंगळले, सगुण वाळूत आपटला. तिथून सरपटत तो माडांच्या चरात शिरला आणि डोकं हातांनी झाकून पडून राहिला. आयुष्यातलं त्याचं पहिलं शहाणपण! मी वर गरगरत होतो. त्याच्या मानेवर धार धरली आणि सुटलो.

पण वावटळीत पत्र्याचं कोण ऐकतो? तिने मला मध्येच फिरवलं. शेवंती नवऱ्याला आणायला धावत बाहेर आली होती. तिचा उजवा हात मी कोपराखाली तोडला.

ती वाचली. सगुणाने पुढच्या हंगामात प्रत्येक पत्र्याला स्वतः हुक घातले. मला मात्र परसात टाकलंय. तिथेच रोज सकाळी तो शेवंतीची वेणी घालतो. अजून त्याला नीट जमत नाही. त्याचे ते दोन्ही धडधाकट हात बघून माझं पित्त आजही खवळतं.

तुमच्या छपरावरही चिऱ्यांखाली माझे भाऊबंद दात-ओठ खात पडले असतील. त्यांना हुक घाला. वावटळ आली तर त्यांना धरायला वर चढू नका. पक्क्या घराच्या आतल्या खोलीत जा, आणि तेही हाताशी नसेल तर चरात पालथे पडा. आम्हाला दया येत नाही. आम्ही नेम धरतो एकावर, आणि वाटेत भलतंच कुणी येतं.