ऐकणाऱ्याची गिरणी

मित्रांनो, खोडाळ्याच्या बाजारपेठेत, रस्त्यापासून जरा आत, पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात पडून असलेला भात भरडायचा जुना हलर म्हणजे मी. माझा जन्म एका लोखंडी कारखान्यात झाला. पण त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. मला आठवतो तो पहिल्यांदा पट्टा चढवला तो दिवस. श्रीकृष्णशेठ तेव्हा तरुण होते. त्यांनी ओंजळभर भात माझ्या तोंडात टाकला, खालून आलेले पांढरे दाणे तळहातावर घेतले आणि बायकोला हाक मारली, "जानकी, बघ गं, तुटत नाही."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी राबलो. दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं, की डोंगरापलीकडच्या पाड्यांवरून बायका डोक्यावर बाचकी घेऊन यायच्या. प्रत्येकीचा तांदूळ निराळा. कुणाचा लालसर, कुणाचा बारीक, कुणाचा वासाचा. आपलाच तांदूळ परत मिळाला पाहिजे, याबाबत त्या फार काटेकोर असत. अडचण अशी, की माझ्या पोटात थोडे दाणे नेहमी अडकून राहतात. सकाळी जिचं भात पहिलं पडेल, तिचे दोन-चार मुठी दाणे माझ्या पोटात जायचे आणि तिच्यामागून येणारीच्या टोपलीत पडायचे. म्हणून पहिली कुणालाच व्हायचं नसे. बाचक्यांवर बसून त्या एकमेकींना ढकलत.

"तू जा पुढं, तुझं घर लांब हाय."

"माझं लांब, तं तुझा नवरा भुकेला. तूच जा."

शेठांनी हे काही दिवस पाहिलं आणि एक रिवाज पाडला. रोज सकाळी ते घरचं मापटंभर भात आधी माझ्यात घालत. पोट त्यांच्या दाण्यांनी भरे, आणि मग पहिल्या बाईचं काही जात नसे. संध्याकाळी पोटातले उरलेसुरले दाणे झाडून ते चिमण्यांना टाकत. पाड्यांवर माझं नाव झालं ते त्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी विजेचं बिल वाढलं. खोडाळ्याच्या फाट्यावर आणखी एक गिरणी आहे. दोन्ही गिरण्यांनी एकाच आठवड्यात किलोमागे दोनचे तीन रुपये केले. पाड्यावरचा मुकेश तेव्हा सुगीसाठी घरी आला होता. एरवी तो भिवंडीकडे वीटभट्टीवर असतो. शिकलेला, बोलका पोरगा. त्याने येऊन शेठांना नीटच विचारलं, की एकदम दीडपट कसं केलं. शेठांनी बिल दाखवलं. मुकेश म्हणाला, बिल आमच्याही घरात येतं, पण आमची मजुरी दीडपट होत नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्या दारात एकही बाचकं आलं नाही. दुपारी रामी आली, रिकाम्या हाताने. रामी ही मुकेशची आत्या, माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. उंबऱ्यावर बसून तिने पाणी मागितलं. पाड्यावरची माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात; त्यात मान कमी नसतो.

"शेट, राग धरू नको. पाड्यांच्या बैठकीत ठरलं, तुझ्याकडं भरडायचं नाय."

"आणि फाट्यावर?"

"तिकडं जायचं. दोघांकडं बंद केलं तं आमी खायचं काय?"

"अगं रामीबाय, भाव दोघांनी वाढवला. मग बंद माझ्याकडेच का?"

रामीने पाणी पिऊन पेला पालथा ठेवला. "तू ऐकशील म्हणून," ती म्हणाली. "तो कुठं ऐकतो कुणाचं?"

शेठ हसले. ही शाबासकी समजायची का शिक्षा, असं त्यांनी विचारलं. ते तूच ठरव, म्हणून रामी उठून गेली.

आणि शेठांनी खरंच ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर खडूने दोन रुपये लिहिले आणि मुकेशला फोन लावला. तो भिवंडीच्या गाडीत बसला होता. फोनवरचा त्याचा आनंद मला इथपर्यंत ऐकू आला. "शेट, जीत गये अपुन! मी सांगतो सगळ्यांना."

त्याने सांगितलंही असेल. पण तोवर पाड्यांवरचे धडधाकट लोक भट्ट्यांवर निघून गेले होते. मागे उरल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका. बैठकीत ठरलेलं बैठकीतच उठवायचं, आणि बैठक होळीला, सगळे परत येतील तेव्हा. तोपर्यंत जी कुणी या दारात बाचकं उतरवेल, ठरलेलं मोडलं म्हणून तिचं नाव निघणार होतं. सगळ्या जणी थांबल्या, दुसरी कुणीतरी आधी जाईल म्हणून. पूर्वी सकाळी बाचक्यांवर बसून थांबत, तशाच. फक्त आता त्या आपापल्या घरी थांबल्या होत्या, आणि तिथे शेठांचं मापटं पोचत नव्हतं.

शेठांनी दोनचा दीड केला. त्याने आणखीच बिघडलं. दीडमध्ये परवडतं, म्हणजे इतकी वर्षं हा लुटतच होता, असं बाजारात कुणी तरी बोललं आणि ते सगळीकडे फिरलं. मित्रांनो, भाव उतरला की गिऱ्हाईक येतं, असं तुम्ही शाळेत शिकाल. ते खरं आहे. पण माणूस येतो तो नुसत्या भावाकडे बघून नव्हे, शेजारणीकडे बघूनही येतो. तिकडे फाट्यावर रांग लागली. रांग बघून तिथल्या मालकाने तीनचे चार केले, आणि कोंडाही स्वतःकडे ठेवायला लागला. बायका कुरकुरल्या, आणि रांगेतच उभ्या राहिल्या.

शेठ मात्र रोज सकाळी मला चालू करत. मापटंभर भात घालत आणि दाराकडे तोंड करून बसत.

"अहो, कोण येणार आहे? रोज आपलंच भात किती भरडाल?" जानकीबाई एकदा म्हणाल्या.

"आलंच कुणी, तर तिचे दाणे जायला नकोत."

थंडी सरत आली तेव्हा त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. मी पट्टा उतरवलेला तसाच होतो. ते परत आले ते पांढऱ्या शववाहिनीतून. त्या दिवशी पाड्यांवरून इतकी माणसं आली, की आळीत उभं राहायला जागा नव्हती. सगळ्या बायका आल्या होत्या. त्या दिवशी कुणीच कुणाकडे बघून थांबलं नव्हतं.

होळीला बैठक झाली. पहिलाच ठराव माझ्यावरची बंदी उठवायचा होता, आणि तो कुणी विरोध न करता झाला. दुसऱ्या दिवशी बाचकी घेऊन बायका आल्या, तर दाराला कुलूप. शेठांची मुलगी अवंती वडिलांच्या दिवसांसाठी आली होती, ती अजून इथेच होती. तिने कुलूप काढलं, बटण दाबलं. वीज तोडलेली होती. मुकेश खाली बघत होता. बिल आम्ही वर्गणी काढून भरतो, असं तो पुटपुटला.

"चालवणार कोण?" अवंतीने विचारलं. तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

मग तिने रामीला विचारलं, "बाबांवर राग होता का तुमचा?"

"नाय गं पोरी," रामी म्हणाली. "कुणाचाच नव्हता."

बाचकी पुन्हा डोक्यावर चढली आणि फाट्याकडे गेली. तिथे आता किलोला पाच रुपये घेतात. माझी मोटर विकली गेली. जाळीला गंज चढला आहे. भंगारवाला एकदा येऊन मला हलवून बघून गेला. मी जड आहे, तो माणसं घेऊन पुन्हा येणार आहे.

मित्रांनो, अन्याय वाटला तर एखाद्याच्या दुकानाची पायरी चढू नका. तो तुमचा हक्क आहे, आणि कधी कधी तेवढाच तुमच्या हातात असतो. पण पाय मागे घ्याल त्याच दिवशी हेही ठरवा, की त्याने ऐकलं तर परत कुणी जायचं, आणि कधी. होळीपर्यंत थांबवू नका. माझ्या मालकाने एका दिवसात ऐकलं होतं.