बोटीची ट्रॉली

“भाभी, रस्त्यानं तापलेलं चाक तसंच पाण्यात घालू नका. च्या प्या, पोरीला खेळवा, पन त्याला गार होऊ द्या,” हनीफ मिस्त्रीनं ट्रॉली नवी होती तेव्हाच बजावलं होतं. निकिता हसली होती. “चाकाला काय सर्दी होती का, हनीफभाई?”

मासळीचं काम घाईचं. निकिताचा नवरा कृष्णराज जीप मागं घेत बोटीची ट्रॉली थेट धरणात घालायचा आणि चाकाच्या तापलेल्या हबात सीलमधून पाणी शिरायचं. गेल्या पावसाळ्यात गंजलेलं बेरिंग भर रस्त्यात जाम झालं. बोट ट्रॉलीवर, ट्रॉली रस्त्यात, आणि धरणाच्या फुगवट्यापल्याड लक्ष्मम्मा घरात पाणी शिरल्यानं रात्रभर गोठ्याच्या गव्हाणीत उभी. धरण भरलं की तिच्या वस्तीला चहूबाजूंनी पाणी वेढतं आणि तिथं पोचणारी गावात ही एकच बोट. निकिताच्या चिमीला पाळण्यात असताना तेल चोळून न्हाऊ घालायची ती हीच एकटी म्हातारी.

आज पुन्हा तीच गत होती. पाणी चढत होतं, लक्ष्मम्माचा फोन कालपासून लागत नव्हता आणि सकाळी निघाले तर चाक घरघरायला लागलं. आता लोहाऱ्यात हनीफच्या गॅरेजपुढं ट्रॉली दगडांवर चढवलेली होती.

“ह्ये बघा.” हनीफनं हब निकितापुढं धरला. “बेरिंगची वाटी बोटानं फिरतीया. ती बसती ते घरच झिजलंय. गेल्या साली नुसतं बेरिंग बदलून काय उपेग? हबच नवा पाहिजे.”

“दोन्ही चाकांचे बदला.”

“दुसरा चालंल की अजून,” कृष्णराज पुटपुटला.

“हेच म्हणालो होतो आपण गेल्या वर्षी.”

तेवढ्यात बुलेटवरून हिंमतराव उतरले. माजी सरपंच, गणपती मंडळाचे अध्यक्ष. आणि बोट पाण्यात उतरवायची वाट त्यांच्याच रानातून जायची.

“कृष्णा, अरं बाप्पा बोटीत बसून निघणार म्हणून बॅनर लागलेत! ट्रॉली अजून हितंच?”

“काका, चाक जरा...”

“जुनंच जोड की. वेशीपतुर फिरवायची, काशीला न्यायची न्हाय. जोड रे हनीफ.”

हनीफ पान्याचं ग्रीस पुसत राहिला. “जोडलं असतं, मालक. पन मिरवणुकीत चाक निखळलं आन् मूर्ती कलंडली, तर चाकाचं नाव कुनी घेनार न्हाय. हनीफचं घेतील.”

हिंमतरावांनी हात झटकला. ते निकिताकडं वळले. तिच्या कडेवरची चिमी रडायच्या बेतात होती.

“हब बसले की बोट आधी पल्याड जाईल, काका. लक्ष्मम्मा अव्वाचा फोन लागत नाही.”

“देवाच्या कामाला न्हाय म्हनतीस? चांगली शिकलेली सून तू!”

“गणपतीला ट्रॅक्टर चालतो. अव्वाला बोटच लागते.”

“त्या म्हातारीला हौस हाय पाण्यात राह्यची. गावात ये म्हनून किती सांगितलं.”

“तिचं रान तिथं आहे.”

“मग माझं रानबी माझं हाय! उद्यापासून वाट बंद. ध्यानात ठेव.”

“माफी माग,” कृष्णराज तिच्या कानाशी कुजबुजला. निकितानं चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“उद्यापासून ना? मग आज जातो.”

बुलेट धडधडत गेली. हनीफनं तळहातावर ग्रीस घेऊन ते नव्या बेरिंगमध्ये दाबून दाबून भरलं, नट आवळला, मग किंचित मागं घेतला आणि चाक फिरवलं. निकिता कान देऊन ऐकत होती. आवाज नव्हता.

काठावर पोचले तेव्हा हब कोमट लागत होता. या खेपेला तिनं ट्रॉली पाण्यात घालूच दिली नाही. हिंमतरावांच्याच रानात खुरपणाऱ्या बायका आणि गडी हाका मारून गोळा केले. बोट हातांवर उचलली गेली.

“आन पोरीला हिकडं,” त्यांच्यातल्या धुरपदाबाईंनी चिखलाचा हात लुगड्याला पुसला. “जा तू. मालकाला सांगू, आमाला काय दिसलंच न्हाय!”

पल्याड पाणी उंबऱ्याला टेकायचं राहिलं होतं. लक्ष्मम्मा चौकटीत बसून, पदरानं शेळीचं ओलं करडू पुसत होती.

“यव्वा, आलीस व्हय? यंदा आली बोट.”

“चला अव्वा. शेळीला घेऊ, पिल्लाला घेऊ.”

“न्हाय गं. फोन पाण्यात पडला, म्या न्हाय पडले.” ती हसली आणि लगेच गंभीर झाली. “एकदा का हितनं उठले, तर म्हनतील म्हातारीनं रान सोडलं. पीठ आनलंस का? ठिव तितं.”

निकितानं खूप विनवलं, रागावलीही. शेवटी पिठाचा डबा फळीवर ठेवला, आपला फोन म्हातारीच्या हातात दिला आणि परत फिरली. बोट बरीच आत आली तरी लक्ष्मम्मा चौकटीत ताठ बसलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. आता बोट पार लांबच्या काठावरून उतरते, आणि तो फोनही कधी लागतो, कधी नाही. म्हणून तुम्ही माकणीकडून धरणाच्या कडेनं जात असाल, तर पाण्यात एकलं पत्र्याचं छप्पर दिसेल. सकाळी तिथून चुलीचा धूर निघतोय का, तेवढं बघा. नसेल निघत, तर पुढच्या गावात कुणालाही सांगा, निकिताला निरोप द्या म्हणावं. ट्रॉली जीपला जोडलेलीच असते.