बघतो

अंधेरीच्या ऑफिसात साहेबांनी कुठलंही काम सांगितलं की माणिक म्हणायचा, "बघतो." साहेब ते झालंच असं धरून चालायचे आणि हा बावळट मर मर मरून ते करायचाही. शेवटी झोप उडाली. त्याच्या मेडिक्लेममध्ये फोनवरचं समुपदेशनही बसतं, हे बायकोने शोधून काढलं.

समुपदेशक रेवतीबाईंनी दुखणं लगेच पकडलं.

"आधी हे 'बघतो' बंद करा. सरळ 'नाही' म्हणायला शिका."

माणिकला अगदी पटलं.

"मॅडम, पुढच्या वेळी रविवारी बोलाल का? एरवी मला सवड नसते."

"बघते," बाई म्हणाल्या.

रविवारी त्यांचा फोन आला. मागे कुकर शिट्ट्या देत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, "आज तरी फोन ठेव गं."