निरोगी गटातल्या विहीणबाई

हॉस्पिटलच्या संशोधनात निरोगी गटात निवड झाल्यापासून विहीणबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "या वयात एक गोळी नाही मला! डॉक्टरांनी मुद्दाम निवडलं." आणि वर आक्कांकडे बघून एक लांबलचक उसासा. चहाचा कपसुद्धा "तुम्ही उठू नका हो" म्हणत असा पुढे करायच्या, की त्यात साखर कमी आणि कीव जास्त.

मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून आक्का लेकीच्या सासरी होत्या. स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जावई भला, पण हट्टी. "एकट्यानं जिना चढून दाखवा, मी स्वतः सामान उचलतो." दुसऱ्याच्या छपराखालचा घास आक्कांच्या घशाखाली उतरत नव्हता.

हाड मोडलेल्यांची चाल धडधाकटांच्या चालीशेजारी ठेवून बघायची, असं ते संशोधन. आज शेवटची चाचणी होती. खोलीत लाकडी पायऱ्या मांडलेल्या. तिथल्या डॉक्टर मुलीनं दोघींच्या पायांना यंत्राच्या चकत्या चिकटवल्या. जावई दाराशी उभा.

विहीणबाई आधी चढल्या, उतरल्या, आणि वर म्हणाल्या, "जमेल ना हो? नाहीतर मी धरते."

"आधी पदर धरा स्वतःचा. पायात येतोय."

"आक्का, चढताना आधी चांगला पाय," डॉक्टर मुलगी म्हणाली.

"दोन्ही माझेच आहेत, बाई. सावत्र कुठला नाही."

आणि त्यांनी ऑपरेशनचाच पाय उचलला. जावई धावला, आक्कांनी त्याला नजरेनंच मागे सारलं. मांडीत कळ उठली, ती दाताखाली दाबली. कठड्याला बोट न लावता त्या वर गेल्या, वळल्या आणि तशाच खाली आल्या. करकरल्या त्या फक्त फळ्या.

पडद्यावर निळी रेघ निरोगी गटाची, तांबडी आक्कांची. मुलीनं दोनदा बघितलं आणि टाळीच वाजवली. "चिकटून चाललीय हो निळीला! आक्का, तुम्ही आता निरोग्यांत बसता."

"मी माझ्या घरात बसते."

जावई हसला. "सामान कधी बांधायचं?"

"सकाळीच बांधून ठेवलंय."

विहीणबाईंचा चेहरा पडला, पण जीभ नाही. "माझी चाल शेजारी होती, म्हणून तुमची कळली हो!"

आक्कांनी चपला चढवल्या, आधी दुखऱ्या पायात.

"खरंय. मोजपट्टी तुम्ही, विहीणबाई. मापापुरत्या लागताच. पण कात्रीखाली गेलं ते कापड, टाके पडले ते कापडाला. आता मिरवणारही कापडच."